यातली बाई कोण?

(आपल्या रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)

ताईंनो, मावश्यांनो, वहिनींनो आणि कॉलेजातून येऊन घरचं आवरत रेडिओ ऐकणाऱ्या मुलींनो. शनिवार पेठेतून आम्ही बोलतोय, तुमच्या बचत गटांच्या समन्वयक. आमची खोली तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिली आहे. मनपाच्या स्टँडवर उतरायचं, पूल ओलांडायचा, ओंकारेश्वराच्या बाजूला वळायचं. जुना वाडा, लाकडी जिना आणि जिन्याखालची आमची खोली. पासबुकं, ठराव वह्या आणि चहाचं पातेलं, सगळं एकाच टेबलावर.

आज हिशोब नाही, व्याज नाही, कर्जाचा फॉर्म नाही. आज आधी एका बाईंची गोष्ट सांगायची आहे आणि मग आमची एक चूक. त्या बाईंचं काम समजून घेताना आम्हाला आमची चूक दिसली, म्हणून दोन्ही एकत्र सांगतो.

बाईंचं नाव सुमित्रा भावे. जन्म पुण्यातला, १२ जानेवारी १९४३ चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र घेऊन एम.ए. झाल्या. मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण कल्याणाचा अभ्यासक्रम केला. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी सुमारे दहा वर्षं शिकवलं. पुढे समाजसेवक म्हणून नोकरी करणारी मुलंमुली त्यांच्या हाताखाली तयार होत होती. दिल्लीला असताना आकाशवाणीवर त्या मराठी बातम्याही वाचायच्या. म्हणजे रेडिओच्या माइकसमोर बसणं त्यांनाही माहीत होतं.

आता एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, शिकलेल्या बाई, शिक्षिका, यात सांगण्यासारखं काय? सांगण्यासारखं पुढे आहे. वयाच्या बेचाळीस वर्षांपर्यंत या बाईंनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता. सिनेमाचं शिक्षण घेतलं नव्हतं. आणि बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी सिनेमा करायला घेतला.

त्याचं कारण असं. १९८० नंतरच्या त्या वर्षांत पुण्यातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या बायांचा एक अभ्यास त्या करत होत्या. बाई स्वतःकडे कशी बघते, हा त्या अभ्यासाचा विषय. गरीब बाईची माहिती घ्यायला येणारे लोक साधारण काय विचारतात ते तुम्हाला पाठ आहे. घरात माणसं किती, कमावते किती, नळ आहे का, संडास आहे का. सुमित्राताईंचा प्रश्न त्याहून वेगळा होता. तुला तू कशी वाटतेस? तुझ्या आयुष्याबद्दल तुझं काय म्हणणं आहे? असं विचारलं की एका बैठकीत उत्तर येत नाही. पुन्हा पुन्हा जावं लागतं, बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो. धुणं पिळता पिळता, भाकरी थापता थापता बाई बोलते, तेव्हा ऐकावं लागतं.

त्या कामातून एक पुस्तक झालं, 'पॅन ऑन फायर'. आठ दलित बायांनी त्यात स्वतःची आयुष्यं सांगितली आहेत. दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने ते १९८८ मध्ये छापलं. इंग्रजी भाषांतर गेल ऑम्वेट यांनी केलं, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहून कष्टकऱ्यांच्या चळवळीत काम करणाऱ्या गेलताईंनी. मोलाचं पुस्तक आहे. पण ते इंग्रजीत आहे. ज्या बायांनी आपलं आयुष्य सांगितलं, त्यांच्यासारख्या किती जणींना ते वाचता येणार होतं?

सुमित्राताईंना त्या अभ्यासाच्या वेळीच हा प्रश्न पडला होता. आपण बायांकडून ऐकतो, लिहितो, अहवाल करतो. तो अहवाल शिकलेली माणसं वाचतात. सांगणाऱ्या बाईच्या हातात काय येतं? तिला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत, कान आहेत, समज तर आपल्यापेक्षा जास्त आहे. तिला दाखवता येईल, ऐकवता येईल असं काहीतरी केलं पाहिजे. अशा बायांपर्यंत पोचायला सिनेमासारखं दुसरं साधन नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी सिनेमा केला. नाव, पैसा किंवा हौस यांच्यासाठी त्या या वाटेला आल्या नाहीत.

१९८५ मध्ये त्यांची पहिली फिल्म झाली. नाव 'बाई'. झोपडपट्टीत राहणाऱ्या, कष्ट करून घर ओढणाऱ्या एका बाईची ती छोटी फिल्म. पाठोपाठ १९८७ मध्ये 'पाणी' आली. त्यात गावातल्या बाया एकत्र येऊन पाण्याचा प्रश्न हातात घेतात. या दोन्ही फिल्म्सना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सिनेमा न शिकलेल्या बाईच्या पहिल्या दोन फिल्म्स, आणि दोन्हींना दिल्लीचा मान.

या फिल्म्सना माहितीपट म्हणायचं की गोष्टीची फिल्म, यावर जाणकार बोलत बसतात. त्यात नट असतात, संवाद असतात, पण गोष्ट खऱ्या बायांच्या जगण्यातून आलेली असते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की आधी नीट ऐकून घेतलं आणि मग केलं.

'बाई'च्या वेळेपासून सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर होते. तेव्हा ते तरुण होते, नाटकाची आवड असलेले. पुढे ते पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकले आणि दोघांनी मिळून सिनेमे केले. सुमित्राताई पटकथा लिहायच्या, सुनीलदादा गाणी लिहायचे, दिग्दर्शन दोघांचं. पन्नासाहून जास्त छोट्या फिल्म्स, मोठे सिनेमे आणि टीव्हीच्या मालिका त्यांनी केल्या. त्यांच्या संस्थेचं नाव 'विचित्र निर्मिती'. आमच्या गटातल्या एका वहिनी म्हणाल्या, "नाव बरोबर आहे. बाईने बेचाळिसाव्या वर्षी नवीन काही काढलं की घरचे विचित्रच म्हणतात."

त्यांच्या सिनेमांचे विषय सांगितले तर तुम्हाला वाटेल, हे तर आपल्या गल्लीतलंच आहे. घरातलं माणूस मनाने आजारी पडलं तर बहिणीने काय करायचं, तो 'देवराई'. तोंडावर कोड असलेल्या हुशार मुलीकडे लोक कसे बघतात, तो 'नितळ'. म्हातारपणी वडील सगळं विसरायला लागतात, तो 'अस्तु'. 'ढ' म्हणून एका तुकडीत कोंबलेली दहावीची पोरं, तो 'दहावी फ'. मन खचून जीव नकोसा झालेल्या तरुणाला परकी माणसं जीव लावतात, तो 'कासव'. या 'कासव'ला २०१७ मध्ये देशातल्या सगळ्यात चांगल्या चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. तोवर हा मान मिळालेले मराठी सिनेमे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

पण आम्हाला आज बोलायचंय ते 'दोघी'बद्दल. हा १९९५ चा सिनेमा.

आमच्यातल्या एका मैत्रिणीने तो लॅपटॉपवर आणला होता. श्रावणातला दिवस होता. गटांच्या अध्यक्ष आणि सचिव मिळून वीस-बावीस जणी बैठकीला पुण्यात आल्या होत्या. बैठक दुपारी संपली, बाहेर पाऊस, बसला वेळ. म्हटलं चला, बघू या. टेबलावरचं पातेलं खाली ठेवलं, वह्यांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवला आणि सगळ्या सतरंजीवर बसल्या.

'दोघी' म्हणजे गौरी आणि कृष्णा या खेड्यातल्या दोन बहिणी. गौरीचं लग्न ठरतं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो, नवरा मुलगा जातो. वडील धक्क्याने अंथरुणाला खिळतात. गाव म्हणतं, पोरगी पांढऱ्या पायाची. घरात खायला नाही. मग मामा गौरीला मुंबईला नेतो. तिथे तिला शरीर विकावं लागतं आणि तिने पाठवलेल्या पैशावर घर चालतं. पुढे धाकट्या कृष्णाचं लग्न ठरतं, गौरी गावी येते आणि आई तिला जवळ करत नाही. पैसा चालतो, पोरगी चालत नाही. रेणुका दफ्तरदार गौरी झाल्या आहेत, सोनाली कुलकर्णी कृष्णा आणि उत्तरा बावकर आई.

सिनेमा संपला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. चहा ठेवायलाही कुणी उठलं नाही. मग मुळशीकडच्या एक मावशी म्हणाल्या, "हिच्या पैशाचा हिशोब सगळ्यांनी ठेवला. हिला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही." आणि थोडं थांबून आमच्याकडे बघत म्हणाल्या, "आपण पण तेच करतो की नाही, ताई?"

त्या कुणाबद्दल बोलत होत्या ते आम्हाला लगेच कळलं. आता आमची चूक सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी वरून मागणी आली होती, यशोगाथा पाठवा. तुम्हाला माहीत आहे, गटाच्या कामात अशी मागणी येते. एक पान मजकूर, एक फोटो, तीन दिवसांत. आम्ही एक गट निवडला. त्यातल्या एका ताईने गटामार्फत ६०,००० रुपयांचं कर्ज घेऊन पिठाची गिरणी टाकली होती. आम्ही गेलो, गिरणीसमोर उभं करून फोटो काढला. साडी जुनी दिसते म्हणून तिच्या जावेची नवी साडी नेसायला लावली. अर्धा तास बोललो. आणि शनिवार पेठेत परत येऊन लिहिलं की गटामुळे ताई स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, हप्ते वेळेवर भरतात, घरात भरभराट आहे.

खरं काय होतं? पावसाळ्यात गिरणीची मोटर जळली होती. त्याच महिन्यात घरात दवाखाना निघाला. त्यासाठी तिने फायनान्सवाल्याकडून ३०,००० उचलले होते. गटाचा हप्ता महिन्याला २,९००. फायनान्सचा हप्ता आठवड्याला ७००, म्हणजे चार आठवडे धरले तरी २,८००. दोन्ही मिळून ५,७००. आणि गिरणीचं वीजबिल जाऊन हातात राहायचे साडेतीन हजार. उरलेल्या बावीसशेसाठी ती दुसऱ्याच्या शेतात रोजाने जायची. हप्ते वेळेवर भरत होती हे खरं. कशातून भरत होती ते आम्ही विचारलंच नाही. ती सांगायला लागली होती, "मोटरीचं जरा..." असं काहीतरी म्हणाली होती, हे आम्हाला नंतर आठवलं. आम्ही म्हटलं, "ते असू द्या ताई, चांगलं काय झालं ते सांगा."

मजकूर पुस्तिकेत छापून आला. आमच्याकडे प्रती आल्या, बँकेत गेल्या, कार्यालयात गेल्या. तिच्याकडे नाही गेली. दोन महिन्यांनी कुणाकडून तरी ती पुस्तिका गावात पोचली. तिच्या नववीतल्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवली. पूर्ण ऐकून ती मुलीला म्हणाली, "फोटो माझा आहे. पण यातली बाई कोण?"

पुढे जे झालं ते जास्त वाईट. फायनान्सच्या वसुलीवाल्याने ती पुस्तिका बघितली. उशीर झाला की तो म्हणायचा, छापून तर आलंय चांगलं चाललंय म्हणून. दिराने मागचे उसने पैसे मागितले. सासू म्हणाली, भरभराट आहे तर मग आमच्यापासून लपवतेस काय? खोटं लिहिलं आम्ही, पण ऐकून घेतलं तिने. तिने गटाच्या बैठकीला येणं सोडलं. हप्ता मुलीच्या हाती पाठवायची, स्वतः येत नव्हती. चार महिने आम्ही वहीत 'गैरहजर' एवढंच लिहीत राहिलो.

'दोघी' बघून मावशी बोलल्या त्या याबद्दल. त्या तिच्याच गावच्या.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी जणी तिच्याकडे गेलो. कागद नाही, फोन पिशवीत. माफी मागितली. ती म्हणाली, "बसा, दळण आहे." आम्ही बसलो. तिने तीन डबे दळले, पीठ झटकलं, पैसे घेतले, मग चहा केला. त्या दिवशी ती फार काही बोलली नाही. पुढच्या खेपेला बोलली. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच वही मागितली आणि आत्ता सांगितला तो सगळा हिशोब आम्हाला उतरवून दिला.

मग ती बैठकीला आली. गटासमोर तिने तो हिशोब वाचायला सांगितला. वाचून झाल्यावर शेजारची एक जण म्हणाली, माझेपण फायनान्सचे आहेत. मग अजून एक. बारा जणींच्या गटात पाच जणींनी बाहेरचं कर्ज उचललं होतं आणि एकीचं दुसरीला माहीत नव्हतं. आमच्या यशोगाथेमुळे त्या जास्तच गप्प बसल्या होत्या. एकीची भरभराट छापून आली की बाकीच्यांना आपली अडचण सांगायची लाज वाटते.

त्या दिवशी गटाने ठराव केला. तिच्या फायनान्सचे ११,००० राहिले होते, ते गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज देऊन एकरकमी भरून टाकले. महिन्याला शेकडा एक रुपया व्याजाने. आता तिला गटाचे २,९०० आणि हे हजार, वर थोडं व्याज, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास भरावे लागतात. गिरणीतून साडेतीन येतात. म्हणजे अजून पाचशे कमी पडतात आणि ते ती रोजगारातून भरते. आम्ही भरभराट म्हणत नाही. पण बावीसशेचा खड्डा पाचशेवर आला, आणि तो कळला म्हणून आला.

सुमित्राताईंच्या कामातून आम्हाला मिळालं ते हे. बाईची गोष्ट तिच्याकडून घेतली, तर ती तिच्याकडे परत गेली पाहिजे. तिला कळेल अशा भाषेत, तिला ऐकता येईल अशा रीतीने. आणि ऐकून ती म्हणाली की ही मी नव्हे, तर चूक आपली, तिची नव्हे.

आता आमच्या कामात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या गटातही करून बघा.

पहिली. कुणाबद्दल काही लिहिलं, मग तो अर्ज असो, अहवाल असो नाहीतर पेपरची बातमी, तो मजकूर आधी तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. घाईत नाही, उभ्या उभ्या नाही. ती म्हणाली काढा, तर काढायचं.

दुसरी. फोटो काढताना आणि फिल्म काढताना विचारायचं. आणि हे कुठे जाणार, कोण बघणार, ते सांगायचं. व्हॉट्सअॅपवर टाकणार असाल तर तसं सांगायचं. नाही म्हणायचा तिला हक्क आहे. नाही म्हटलं म्हणून कर्जाचा अर्ज मागे ठेवायचा नाही.

तिसरी. छापून आलं की पहिली प्रत तिच्या घरी.

कुणी म्हणेल, आम्ही साध्या बाया, ऑफिसातून माणसं येतात, फोटो काढतात, सही घेतात, आम्ही कसं अडवणार? त्यांना सुमित्राताई आणि सुनीलदादांचाच एक सिनेमा सांगतो, 'एक कप च्या'. कोकणातल्या एसटी कंडक्टरच्या घरी विजेचं भलंमोठं बिल येतं. गरिबाचं घर, एवढं बिल येईलच कसं? ऑफिसात कुणी ऐकत नाही. शेवटी तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो. आपल्या देशात हा कायदा २००५ पासून आहे. राज्य सरकारच्या ऑफिसात साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. तुमच्या नावाने सरकारी दप्तरात काय लिहिलंय ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सिनेमा बघून तेवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

आणि एक गोष्ट. आपली गोष्ट नेहमी दुसऱ्यानेच सांगावी असंही नाही. आपल्या शेजारच्या तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे. तिथल्या शेतात राबणाऱ्या दलित बाया स्वतःचं रेडिओ केंद्र चालवतात, संगम रेडिओ. ते २००८ मध्ये सुरू झालं. त्याच भागातल्या बायांनी कॅमेरा शिकून बियाण्यांवर, शेतीवर फिल्म्सही केल्या आहेत. तिकडे चीनमध्येही वू वेनग्वांग नावाच्या माहितीपट करणाऱ्या माणसाने २००५ मध्ये असंच केलं. खेड्यातल्या दहा जणांच्या हातात त्याने लहान कॅमेरे दिले आणि सांगितलं, तुमच्या गावाचा कारभार तुम्हीच टिपा. पुणं असो, झहीराबाद असो की चीन, ज्याची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचायला हवी, हे सगळीकडे कुणाला ना कुणाला सुचलेलं आहे.

आता आमच्या त्या गटातली नववीची मुलगी अकरावीला आहे. मागच्या बैठकीला तिने आईच्या फोनवर गिरणीची पाच मिनिटांची फिल्म काढून आणली. पट्ट्याचा आवाज, पिठाने पांढरे झालेले आईचे हात, आणि आई सांगतेय मोटर कशी जळली, ती कितीला भरून घेतली. बाकीच्या जणी फोनभोवती गोळा झाल्या. फिल्म हलत होती, मधे बोट आलं होतं. पण या वेळी यातली बाई कोण असं तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "आवाज जरा मोठा कर, माझं नीट ऐकू येत नाही."

सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात गेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. फुप्फुसाचा आजार होता. करोनाचे दिवस होते, कुणी कुणाकडे जाऊ शकत नव्हतं. त्यांचा 'दिठी' त्या गेल्यानंतर महिन्याभराने, मे महिन्यात लोकांनी घरी बसून बघितला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा तो सिनेमा. वारीला जाणाऱ्या एका लोहाराचा तरणा मुलगा पुरात जातो. तीस वर्षं विठोबाचं नाव घेतलेला हा माणूस देवावर रुसतो, आणि अडलेल्या गाईला सोडवता सोडवता त्याचं मन हळूहळू मोकळं होतं. त्या वर्षी कितीतरी घरांत माणसं गेली होती. ज्यांनी तो बघितला, त्यांना तो आपल्याच घरातला वाटला असेल.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. गिरणीच्या ताईंची ही गोष्ट रेडिओवर सांगायच्या आधी आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. हा सगळा कागद वाचून दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. हिशोबातला एक आकडा आम्ही चुकवला होता, तो दुरुस्त करून दिला. गावाचं आणि त्यांचं नाव सांगू नका म्हणाल्या, ते सांगितलेलं नाही. ही गोष्ट मासिकात छापून येईल तेव्हा पहिली प्रत त्यांच्या घरी जाणार आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं ठेवा. गटाच्या फायलीत तुमच्याबद्दल काय काय लिहिलंय ते वाचायला सांगा. सचिव वाचेल, नाहीतर कुणाची मुलगी वाचेल. आणि ऐकताना स्वतःला विचारा, यातली बाई मीच ना?

नसेल, तर आम्हाला कळवा. शनिवार पेठेत, जिन्याखालच्या खोलीत, आम्ही आहोत. चहा आहेच.